ढोलीची मजुरी

रानातली झाडं मोजायला अजून कुणी आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या बेहड्यावर एक सुतार पक्षी राहायचा. ज्याला हवी त्याला ढोली कोरून द्यायची, हा त्याचा धंदा. आणि चार प्रश्न विचारल्याशिवाय खोडाला चोच लावायची नाही, ही त्याची खोड.

एकदा त्याच्याकडे धनेश आला. "बायकोचे अंडी घालायचे दिवस जवळ आलेत. महिन्याभरात ऐसपैस ढोली हवी," तो म्हणाला. "मजुरीची उंबरं पिल्लं उडाली की देईन. शिवाय रानभर तुझं नाव होईल."

"नाव चवीला कसं लागतं?" सुताराने खरंच कुतूहलाने विचारलं.

धनेशाने नुसतेच पंख झाडले.

"बरं, दुसरं विचारतो. तुमच्यात म्हणे बायको आत बसते आणि दार लिंपून घेते. मग तिच्या खाण्याचं काय?"

"मी फटीतून भरवतो."

"पिल्लं उडाल्यावर?"

"काहीतरीच काय विचारतोस? रोज भरवतो. उपाशीपोटी ती अंडी कशी उबवेल?"

सुतार मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिला. "हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही," तो म्हणाला, "तेवढंच मला कळत नव्हतं."

धनेश उडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चोचीत चार पिकली उंबरं घेऊन आला. सुताराने ती सावकाश, चवीने खाल्ली. मग खोडावर बसून त्याने विचारलं, "दार कुठल्या दिशेला ठेवू?"