ओढ्याचं माप

फार फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका रंगाऱ्यांच्या गावात एक नियम होता: रंगाचं उरलेलं पाणी ओढ्यात ओतायचं, पण रोज एका घरामागे एकच घागर. आणि हा नियम का, असं कुणी विचारायचं नाही.

नियम कुणी मोडत नव्हतं. तरीही ओढा काळानिळा झाला होता. मासे गेले, बेडूक गेले, खालच्या नदीवरची गुरंही पाण्याला तोंड लावीनात.

मूल सोळा वर्षांचं झालं की गावासमोर आपल्या घराची घागर ओतायचं, अशी रीत होती. एका मुलीची वेळ आली. आदल्या सकाळी ती ओढ्याच्या काठाकाठाने उगमापर्यंत चढत गेली.

तिथे ती थबकलीच. कातळातून पाणी उसळत होतं आणि तळाशी वाळूचा कण न् कण नाचताना दिसत होता. पाणी इतकं नितळ असतं? तिचे हात आपोआप जोडले गेले.

"चप्पल काढ आधी," कुणीतरी म्हणालं. पाण्यात एक म्हातारं कासव बसलं होतं.

"आजोबा, तुम्ही इथे?"

"खाली राहवेना, पोरी. गावात तीन घरं होती, तेव्हा तीन घागरी यायच्या. मी डोळे मिटून घ्यायचो. दुपारपर्यंत ओढा निवळायचा. पुढे दहा झाल्या, तरी निवळायचा. आता तीनशे येतात. डोळे उघडू कधी?"

मुलगी धावतच खाली आली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापल्या घागरी घेऊन काठावर जमलं. तिने भरलेली घागर खाली ठेवली.

"ओत की! घागर जड झाली काय?" एक म्हातारा हसला.

"घागर तेवढीच आहे. घरं वाढली, ओढा नाही वाढला. तो दिवसाला दहा घागरी सोसतो. रोज दहाच घरांनी ओतायची. महिन्यातून एकदा प्रत्येकाची पाळी येईल."

"आणि बाकीचे दिवस घागर डोक्यावर घेऊन नाचायचं?"

"गाळ खाली बसू द्या. वरचं पाणी पुन्हा रंगाच्या रांजणात घाला. गाळ उन्हात वाळवा."

"शहाणी झालीस! आमच्या वाडवडिलांनी माप ठरवलंय."

"त्यांनी तीन घरांचं ठरवलं. तीनशे घरांचं तुम्ही ठरवायचं होतं. ओढ्याला विचारलंत कधी?"

"पुरे! घागर ओत."

मुलीने घागर उचलली, डोक्यावर घेतली आणि ती घराकडे वळली.

"नाही ओतणार. आज आमची पाळी नाही."

तिच्या मागोमाग एका बाईने आपली घागर उचलली. मग दुसरीने, मग एकामागून एक कित्येकींनी. काठावर दहाच घागरी उरल्या, तेवढ्याच ओतल्या गेल्या. त्या दुपारी ओढ्याचा तळ दिसला. तळाशी उगमावरचं म्हातारं कासव डोळे उघडून वर बघत होतं.

बोध: मर्यादा ओतणाऱ्याच्या घागरीवरून नव्हे, सोसणाऱ्या पाण्यावरून ठरवावी.