पितळी गडी आणि मागची खोली

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

एका रेशमाच्या व्यापाऱ्याने आपल्या मोठ्या घरासाठी पितळी गडी घडवून घेतला. गडी चालायचा, बोलायचा, ओझी उचलायचा. डोळे मात्र त्याला नव्हते.

"शेठजी, याचा हात धरून सगळं घर एकदा फिरवा," कारागीर म्हणाला. "जिथे न्याल, तिथली वाट तो विसरणार नाही. जिथे नेणार नाही, तिथे त्याच्या लेखी भिंतच."

शेठजींनी हौसेने गड्याला फिरवलं. दिवाणखाना झाला, देवघर झालं, लोणच्याच्या बरण्यासुद्धा दाखवून झाल्या. मागच्या बोळाशी मात्र त्यांचे पाय थांबले.

"आणि तिकडे?" कारागिराने विचारलं.

"अडगळ आहे," शेठजी म्हणाले.

अडगळ कसली! तिथे त्यांची धाकटी बहीण राहत होती. तिचे पाय लुळे होते. आपल्या मुलीच्या सोयरिकीत विघ्न नको, म्हणून शेठजींनी तिला तिथे ठेवलेलं. जेवण मोलकरीण नेऊन द्यायची. शेठजी स्वतः कित्येक वर्षांत तिकडे फिरकले नव्हते.

एके दुपारी कोठाराला आग लागली. घर धुराने भरलं. गडी आत जायचा आणि एकेकाला उचलून अंगणात आणायचा. शेठाणी आल्या, मुलगी आली. कुणीतरी घाबरून 'बरण्या, बरण्या!' असं ओरडलं म्हणून लोणच्याच्या बरण्याही आल्या!

"माझ्या बहिणीला आण! मागच्या खोलीत आहे ती!" शेठजी ओरडले.

गडी गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. "धनी, तिथे भिंत आहे."

"भिंत नाही रे, बोळ आहे!"

गडी पुन्हा गेला, पुन्हा परतला. "भिंतच आहे, धनी."

 शेठजींनी उपरण्याने तोंड झाकलं, गड्याचा हात धरला आणि ते धुरात शिरले. बोळात पाऊल टाकलं तेव्हा कळलं, वाट त्यांनाही आठवत नव्हती. वळायचं की सरळ जायचं? वर छप्पर कडकडत होतं. पितळ तापलं होतं, तळहात भाजत होता. पण हात सोडला तर गडी तिथेच थांबला असता. इतक्यात आतून खोकला ऐकू आला. शेठजी खोकल्याच्या दिशेने धावले.

गड्याने बहिणीला गोधडीत गुंडाळून उचललं. ते बाहेर पडले आणि मागे छप्पर कोसळलं.

अंगणात बहिणीने डोळे उघडले. क्षणभर तिने भावाला ओळखलंच नाही. मग म्हणाली, "दादा, किती रे केस पिकले तुझे!"

शेठजी लहान मुलासारखे रडले.

त्यांच्या भाजलेल्या हाताची मूठ पुढे कधी वळली नाही. मुलीला पाहायला आलेल्यांना शेठजी आधी बहिणीला भेटवत. काही जण इकडेतिकडे बघत उठून गेले, एक घर जेवायला थांबलं. मुलगी त्याच घरात सुखाने नांदली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: घरच्या माणसाला आपण जगापासून लपवतो, तेव्हा त्याच्याकडे जाणारी मदतीची वाटही आपणच बुजवतो.