येसूकाकूंची गोड विहीर

एका गावात घरटी एक विहीर होती आणि घरटी तिचा गर्व होता. गाव जांभ्या दगडाच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर वसलेलं. पाणी लागेपर्यंत खणणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून पाहुणा आला की घरधनी त्याला आधी विहीर दाखवायचा आणि मग बायकापोरं. आपल्या विहिरीचं ते अमृत आणि शेजाऱ्याचं ते मचूळ, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं.

त्या गावात एक रीत होती. लग्न कुणाचंही असो, वऱ्हाडाला प्यायला पहिली घागर गावातल्या सर्वांत गोड विहिरीची. सनई-ताशा लावून बायका ती भरायला यायच्या आणि विहिरीच्या मालकिणीची ओटी भरायच्या. गेली सहा वर्षं हा मान येसूकाकूंकडे होता.

मान उगीच नव्हता. येसूकाकू विहिरीला पोटच्या पोरीसारखं जपायच्या. कठड्याजवळ चपला नाहीत, दोराला खरकटा हात नाही, पाण्यावर पान पडलं तरी काकू हातातलं काम टाकून ते काढायला धावायच्या. वरच्या बाजूला राहणाऱ्या आनशीची विहीर बिचारी साधी, पाण्याला जरा लोखंडाची चव. काकू तिला हसायच्या. "आनशीचं पाणी म्हणजे खिळे भिजवलेलं पाणी," असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून आनशी त्यांच्याशी बोलत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी नवा संडास बांधला. खड्डा खणला तो विहिरीच्या वरच्या अंगाला, जेमतेम पंधरा पावलांवर. का, तर तिथं जमीन मऊ लागली. त्यानंतर घरात पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. काका महिन्यातून दोनदा आडवे व्हायचे. कधी फणसाला बोल लावला, कधी शिळ्या आमटीला, एकदा तर आनशीच्या दृष्टीला. पाण्यावर कुणाचा संशय गेला नाही. इतकं नितळ, इतकं गोड पाणी, त्याच्यावर कोण संशय घेणार?

कठड्याचा दगड निखळला म्हणून काकूंनी धाकू पाथरवटाला बोलावलं. धाकूनं आयुष्यात शंभरेक विहिरी बांधल्या असतील. त्यानं दगड बसवला, पाणी पाहिलं, मग मान वळवून खड्डा पाहिला.

"काकू, पाणी दिसायला झकास आहे. पण जांभा म्हणजे चाळण. ह्या खड्ड्यातलं पाणी कुठं जातं, ठाऊक आहे?"

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गाव माझ्या पाण्यानं लग्नं लावतं, धाकू!"

"गाव जिभेनं बघतं. मी म्हणतो, मिठानं बघा. गोणीभर जाडं मीठ खड्ड्यात टाका, वर चार हंडे पाणी ओता. मग रोज सकाळी विहिरीचं पाणी उकळून, निववून चाखा. खारट लागलं, तर जे मिठाबरोबर येतंय ते काय असेल, ते तुम्हीच ओळखा."

"आणि नाही लागलं तर?"

"तर आजची मजुरी नको मला."

धाकूला खोटं पाडायचं म्हणूनच काकूंनी गोणी आणली. पहिले तीन दिवस पाणी गोडच. चौथ्या दिवशी काकूंनी हसत हसत पोह्यांना फोडणी दिली आणि धाकूची मजुरी वाचल्याचं काकांना दोनदा ऐकवलं.

पाचवा दिवस खालच्या आळीतल्या लग्नाचा होता. काकूंनी सवयीनं पाणी उकळलं, निववलं आणि घोट घेतला. मग आणखी एक घेतला. पाणी खारट होतं. आमटीइतकं नाही, पण होतं.

सहा वर्षांचा मान, ओटीचे नारळ, सगळं चुलीपुढे बसलेल्या काकूंच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात लांबून सनई ऐकू आली.

काकांनीही पाणी चाखलं आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "आजचा दिवस जाऊ दे. एका घागरीनं काय होतंय? उद्या बघू खड्ड्याचं. तुला आणि मला सोडून कुणाला ठाऊक आहे?"

"अहो, दोघांना ठाऊक आहे हे काय कमी झालं?" काकू म्हणाल्या. "तुमचं पोट महिन्यातून दोनदा बिघडतं. तेच मी दोनशे माणसांना पाजू? नव्या नवरीला पाजू?"

त्या उठल्या. कुंपणाची बोरीची काटेरी फांदी ओढून आणली आणि विहिरीच्या तोंडावर आडवी टाकली. त्या गावात विहिरीवर काटा पडतो तो कुणी तिच्यात जीव दिला तरच. अंगणात शिरलेल्या बायकांची पाचावर धारण बसली. सनईवाल्याचा सूर अर्ध्यावर राहिला.

"काय झालं हो काकू?" नवरीच्या आईनं विचारलं.

खोटं बोलायला शंभर वाटा होत्या. दोर तुटला म्हणता आलं असतं, अंगात ताप आहे म्हणता आलं असतं. काकूंनी त्यांतली एकही धरली नाही.

"आमच्या संडासाच्या खड्ड्यातलं पाणी माझ्या विहिरीत उतरतंय. मी मीठ टाकून बघितलं. हे पाणी वऱ्हाडाला द्यायचं नाही, आणि तुम्हीही कुणी प्यायचं नाही."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी हसलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आणि सहा वर्षं आमच्याकडून ओटी भरून घेतली की हो!" काकूंनी ते ऐकून घेतलं. घागर उचलली आणि चढण चढून थेट आनशीच्या दारात गेल्या.

"आनशी, तुझ्या विहिरीच्या वर नुसता कातळ आहे. ना गोठा, ना खड्डा. मी तुझ्या पाण्याला नाव ठेवलं, चुकले. आज वऱ्हाडाला तुझं पाणी दे. आपण दोघी मिळून ते उकळू."

आनशीनं पोहरा विहिरीत सोडला.

लग्न पार पडलं. वऱ्हाडातल्या कुणाचंही पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र गावातल्या दुकानात जाडं मीठ मिळेना. एकवीस घरांनी आपापल्या खड्ड्यांत मीठ टाकलं, आणि त्यातल्या सात घरांना ते विहिरीत सापडलं. ज्या तोंडांनी काकूंची थट्टा केली, त्यांतली तीन त्या सातांत होती. काकूंनी कुणालाही टोमणा मारला नाही. खड्डे कसे बुजवायचे, उताराला लांब नवे कसे खणायचे, विहीर उपसून, भिंती घासून औषध कसं टाकायचं, तोवर पाणी उकळून कसं प्यायचं, हे सांगत त्या घरोघर फिरल्या. मीठ आलं नाही त्यांनाही त्या म्हणायच्या, "खुशाल राहू नका. दरसाल पाणी तपासा, जमीन आतून बदलत असते." धाकूला त्यांनी दुप्पट मजुरी दिली, आणि त्याच्या पाया पडायला गेल्या तेव्हा तो लाजून ओसरीवरून पळाला.

एके दुपारी एक तरुण बाई काकूंकडे आली. सातांतलंच एक घर तिचं. ती ओसरीवर टेकली. मग म्हणाली, "काकू, दोन पावसाळ्यांत माझी दोन तान्ही जुलाबानं गेली. आम्ही नशिबाला बोल लावला. देवाला नवस केले. आणि रोज त्याच विहिरीचं पाणी वाटीनं पाजलं मी त्यांना."

काकूंनी तिला जवळ घेतलं.

"आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत," ती काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "हे माझं वाचेल. तुम्ही त्या दिवशी सनई थांबवलीत म्हणून वाचेल."

तात्पर्य एवढंच: पाण्याची गोडी जिभेला कळते, दोष तपासल्यावाचून कळत नाही. आणि तपासून सापडलेला दोष जो आपल्या मानाची पर्वा न करता चारचौघांत सांगतो, त्याच्या बोलण्यानं कुणाचं तरी लेकरू वाचतं.