एकशे बारा प्रश्न

“एकदाही ‘नाही’ म्हणाली नाही?” वुल्स्टनबाबांनी विचारलं.

“तेच तर सांगतोय, बाबा! जे विचारलं त्याला ‘हो’. चोरी केलीस? हो. खोटी शपथ घेतलीस? हो. राजाच्या टांकसाळीची नाणी घरात पाडलीस? …हो!”

“आणि खून?”

“हो.”

हॅमंड धापा टाकत होता. गावाच्या त्या टोकापासून तो पळत आला होता. पाद्र्याचा झगा घालून पळायचं म्हणजे काही सोपं नव्हे. बाबा मात्र चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. डोळे गेलेले, पण एक दाणा खाली पडत नव्हता.

“नाव सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “कबुलीतलं नाव बाहेर काढायचं नसतं.”

“मी कुठं घेतलं नाव?”

“घेऊच नकोस. गावात मरायला टेकलेली बाई आज एकच आहे. पण तू घेऊ नकोस.”

ही गोष्ट इंग्लंडातली, पाचशे वर्षांमागची. त्या लोकांत रीत अशी, की मरताना माणसानं पाद्र्याजवळ आपली सगळी पापं बोलून टाकायची. पाद्र्यानं देवाच्या नावानं क्षमा दिली, की जीव मोकळा. आणि क्षमा न मिळता गेला, तर सरळ नरक.

चाळीस वर्षं त्या गावाची पापं वुल्स्टनबाबांनीच ऐकली. त्याआधी ते कुठं होते, काय करत होते, कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलंही नाही. डोळे गेले तेव्हा बिशपांनी त्यांच्या जागी हॅमंडला धाडलं. पोरगा हुशार, विद्यापीठात शिकलेला, आणि हुशारी त्याच्या नाकावर बसलेली. त्यातून येताना त्यानं लंडनहून एक छापील पुस्तक आणलं होतं.

छापील! तेव्हा त्या देशात छापखाना येऊन फार वर्षं झाली नव्हती. त्या गावानं तर तोवर पुस्तक पाहिलं होतं ते एकच, चर्चमधलं, हातानं लिहिलेलं. हॅमंडच्या पुस्तकात कबुली कशी घ्यावी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं. माणसाला होण्याजोगी सगळी पापं ओळीनं मांडलेली, मुंग्यांच्या रांगेसारखी. एकशे बारा प्रश्न. आणि मागच्या पानांवर दात दुखला तर काय करावं, घोडा लंगडला तर काय करावं, गावात प्लेग आला तर काय हुंगावं. म्हणजे इहलोक, परलोक, दोन्हींची सोय एकाच बांधणीत.

“बाबा, तुम्ही चाळीस वर्षं आठवतील तेवढीच पापं विचारलीत,” आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात हॅमंड म्हणाला होता. “किती माणसं अर्ध्या कबुलीनं गेली असतील, विचार केलाय कधी?”



“मग?” आता बाबांनी विचारलं. “क्षमा दिलीस का?”

“कशी देणार? पुस्तकात स्पष्ट आहे. खून आणि खोटी नाणी, या पापांना बिशपांची परवानगी लागते. साधा पाद्री क्षमा देऊ शकत नाही.”

“बिशप कुठं आहेत?”

“तीन दिवसांच्या वाटेवर.”

“आणि बाई?”

हॅमंडनं कपाळाचा घाम पुसला. “सून म्हणते, दिवस मावळेपर्यंत राहिली तरी पुष्कळ.”

“अजून काय काय केलं म्हणते?”

“विचारू नका! माझ्या अंगावर काटा आला. दरोडे. आगी लावल्या. पाद्र्यावर हात उचलला. चर्चची पदं विकली…”

“काय विकलं?”

“चर्चची पदं.”

बाबांचे खांदे हलायला लागले. हॅमंडला आधी वाटलं, रडताहेत. पण बाबा हसत होते! शेंगांची पाटी मांडीवर हिंदकळत होती.

“हसताय काय? एक जीव नरकात चाललाय!”

“लेका, तुला काहीच शंका आली नाही? अख्खा जन्म ज्या बाईनं…” बाबा थांबले. कबुलीतलं बोलायचं नाही, हे त्यांनाही लागू होतं. त्यांनी डोळे पुसले. “बरं. एकशे बाराच्या एकशे बारांना ‘हो’?”

“एक सोडून.”

“कोणता?”

“शेवटचा. तो पापाचा नाहीच मुळी. एवढं सगळं करूनही देव तुला क्षमा करील, असा तुझा विश्वास आहे का? असा आहे तो.”

“त्याला काय म्हणाली?”

“नाही म्हणाली.”

बाबांचं हसू जिथल्या तिथं विझलं. ते उठले. पाटी उलटली, दाणे घरभर झाले. भिंत चाचपत ते दाराशी पोचलेसुद्धा.

“बाबा, तुमची काठी…”

“तू चल आधी! पुढं हो!”

चाळीस वर्षांत बाबांचा आवाज असा चढलेला कोणी ऐकला नव्हता. हॅमंडची पाचावर धारण बसली. त्यानं बाबांचा हात धरला आणि दोघं निघाले.

इडनी म्हातारी चुलीजवळच्या अंथरुणावर पडली होती. एवढीशी झाली होती. जन्मभर तिनं दुसऱ्यांची बदकं राखली. बाबांनी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं आणि अंथरुणाशी खाली बसले.

“इडनी, मी वुल्स्टन.”

“बाबा…” तिनं डोळे उघडले. “उशीर झाला हो. सगळं लिहिलेलं निघालं.”

“कुठं लिहिलेलं?”

“फादरांच्या पुस्तकात. त्यांनी उघडून दाखवलं ना मला. म्हणाले, बघ आजी, हे माणसाच्या हातानं लिहिलेलं नाही.” तिला दम लागला. “…माणसाच्या हातचं नाही, तर मग कोणाच्या हातचं, बाबा? मला तर त्यातलं काही आठवत नाही. बदकाची अंडी उचललेली तेवढी आठवतात. पण वर लिहून ठेवलंय म्हणजे केलंच असणार मी. वर कशाला चुकीचं लिहितील?”

हॅमंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो म्हणाला होता तसं. अगदी याच शब्दांत. आपलं पुस्तक मिरवायला म्हणून म्हणाला होता. तिनं आ वासला, तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता! आणि त्या आनंदातच त्यानं पहिला प्रश्न वाचला होता.

तो घाईघाईनं पुढं झाला. “आजी, अगं, ते यंत्रावर छापतात. लंडनला. शिशाची अक्षरं असतात, त्यांना शाई लावतात, वर कागद दाबतात. तुझं काही नाही त्यात. सगळ्यांसाठी एकच पुस्तक आहे ते!”

“हो, फादर.”

“तुझं नावसुद्धा नाही त्यात!”

“हो, फादर.”

“तू काहीएक केलेलं नाहीस, कळतंय का तुला?”

“हो, फादर,” म्हातारी म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हॅमंडनं बाबांकडे पाहिलं. विद्यापीठ, लंडन, पुस्तक, सगळं त्याच्या अंगावरून गळून पडलं होतं. “बाबा, काहीतरी करा. मी… मी काय करून बसलो हे?”

“पुस्तक आहे ना जवळ?”

“आहे.”

“उघड. आणि मला विचार.”

“तुम्हाला?”

“पहिल्यापासून.”

“बाबा, हिच्याजवळ वेळ किती थोडा आहे…”

“म्हणून म्हणतो, भरभर वाच.”

आणि ऐंशीच्या घरातले ते बाबा त्या बदकवालीच्या अंथरुणाशी गुडघे टेकून बसले, हात जोडून.

हॅमंडनं पुस्तक उघडलं. “चोरी केलीस?”

“हो.”

“खोटी शपथ घेतलीस?”

“हो.”

“आईबापांना उपाशी ठेवलंस?”

“…हो.”

भिंतीकडचं तोंड जरा वळलं.

“दरोडा घातलास?”

“हो.”

“कोणाच्या घराला आग लावलीस?”

“एकाच्याच नाही. हो.”

“बाबा?” इडनी क्षीण आवाजात म्हणाली. “तुमचंपण लिहिलंय?”

“माझंपण. ऐक, अजून पुष्कळ आहे.”

हॅमंड वाचत गेला, बाबा ‘हो’ म्हणत गेले. आता म्हातारीची मान पुरती इकडे झाली होती. ती बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. लग्न, बाळंतपणं, नवऱ्याचं मरण, सगळं ती ज्यांच्याजवळ बोलली, ते हे बाबा!

“चर्चचं पद विकलंस?”

“विकलं नाही. विकत घेतलं. तू ‘हो’ धर.”

हॅमंडनं पुस्तकातून डोकं वर काढलं. हे पुस्तकात नव्हतं. बाबा बाईची समजूत काढायला नुसतं ‘हो’ला ‘हो’ लावताहेत, असं तो धरून चालला होता.

“वाच रे.”

“माणूस… माणूस मारलास?”



चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर सून कोणाशी तरी बोलत होती, तिचं बोलणं थांबलं. हॅमंडला वाटलं, बाबांनी ऐकलं नाही. पुन्हा विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं…

“हो,” बाबा म्हणाले. त्या ‘हो’चा आवाज निराळाच होता.

पुढचे प्रश्न हॅमंडनं कसे वाचले, त्याचं त्याला ठाऊक. अक्षरं दिसत होती, तोंड चालत होतं, पण डोकं बधिर झालं होतं. पानं संपत आली.

“शेवटचा आहे, बाबा.”

“विचार.”

“एवढं सगळं करूनही देव तुला क्षमा करील, असा तुझा विश्वास आहे का?”

बाबांनी ते आंधळे डोळे इडनीकडे वळवले. तिचा हात चाचपून हातात घेतला.

“हो!” ते म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की सून दारातून डोकावली.



“एवढ्या सगळ्याला?” म्हातारीनं विचारलं.

“एवढ्या सगळ्याला.”

“आणि तुमच्यापेक्षा माझं काही जास्त नाही ना लिहिलेलं?”

“एका अक्षरानं नाही.”

इडनीनं मोठा श्वास सोडला. “मग फादर,” ती म्हणाली, “माझंही शेवटचं ‘हो’ धरा.”

हॅमंडनं बाबांकडे पाहिलं. “बिशप…”

“मरणाच्या दारात कसला आलाय बिशप! कबुली तू घेतलीस, क्षमा तूच द्यायची.”

हॅमंडनं पुस्तक चुलीशेजारी जमिनीवर ठेवलं. म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेचे शब्द म्हटले. ते त्याला पाठ होते. म्हणताना तो रडत होता, आणि लपवावंसंही त्याला वाटलं नाही.

दिवस मावळायच्या आत इडनी गेली. जाताना तिनं सुनेला बदकांना दाणे टाकलेस का, एवढंच विचारलं.

परतताना बाबांचा हात हॅमंडच्या खांद्यावर होता. हॅमंडच्या मनात नुसतं काहूर माजलं होतं. बाईचं सोनं झालं, हे खरं. पण झालं ते कशाच्या जोरावर? बाबांच्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर त्याला राहवेना.

“बाबा, रागावू नका. पण तुम्ही मरणाऱ्या बाईसमोर खोटं बोललात. गुडघे टेकून, हात जोडून. एकशे बारा वेळा!”

“एकदाच,” बाबा म्हणाले.



एकदाच? म्हणजे दरोडे…? ती आग…? आणि तो खून…? ज्या खांद्यावर बाबांचा हात होता, तो खांदा त्याला जड झाला. चाळीस वर्षं अख्ख्या गावानं ज्यांच्यापुढं गुडघे टेकले, त्या माणसाच्या तोंडाकडे तो बघत राहिला. तोंड नेहमीचंच होतं. दमलेलं.

“एकशे बारांतलं… एकच उत्तर खोटं?” त्याला धड शब्द जमेनात. “कोणतं, बाबा?”

बाबांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला. खोलीचं दार हातानं शोधलं, उंबऱ्याला पाय लावून पाहिला, आणि मागं न वळता म्हणाले,

“शेवटचं.”