रुमालातलं वेखंड

“म्हणजे त्याला ‘नको’ म्हणून सांगतो. सांगू ना, माई?”

निंबराजानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही उमामाई मेथीच निवडत होत्या.

दुधनेच्या काठावरचा हा मठ लहानसा. माई त्याच्या प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं मोजकं, आणि मेथी समोर असली की त्याहून मोजकं. निंबराज त्यांचा शिष्य. वीस वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आला आणि इथलाच होऊन गेला.

“कुणाला नको म्हणतोस?”

“मुश्ताकला. कॉम्प्युटरवाला. ओसरीवर बसलाय.”

“चहा दिलास?”

“दिला.”

“मग बसू दे जरा...”

घोडं अडलं होतं ते मठाच्या कॉम्प्युटरपाशी. थोरले बुवा म्हणजे माईंचे गुरू. त्यांची प्रवचनं कुणीतरी कॅसेटींवर धरून ठेवली होती, चांगल्या दोनशे बारा कॅसेटी. त्यांना बुरशी धरायला लागली, तसा निंबराज कानाला हेडफोन लावून बसला तो चौदा वर्षं उठला नाही म्हणा ना. ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं. साडेतीन हजार पानं झाली. कॅसेटी तोवर पार गेल्या. आता थोरल्या बुवांचा शब्द उरला होता तो एवढ्या एका मशीनमध्ये.

रोज संध्याकाळी त्यातली दोन पानं छापायची आणि माईंनी ती सगळ्यांपुढे वाचायची, हा मठाचा रिवाज. गावातली माणसं निंबराजाला वाकून नमस्कार करत. त्याला ते आवडायचं. का नाही आवडणार? चौदा वर्षं म्हणजे काही गंमत नाही.

आणि आता दोन महिने रोज सकाळी पडद्यावर पाटी यायची, की ही सिस्टीम जुनी झाली, इथून पुढे तिची देखभाल होणार नाही, नवी घ्या.

“काय म्हणतो मुश्ताक?”

“म्हणतो, नवी टाका. हे मशीन आज आहे, उद्या नाही.”

“दुसरीकडे उतरवून नाही ठेवलंस?”

“तीन ठिकाणी ठेवलंय, माई. पण आपलं अक्षर जुन्या पद्धतीचं. या सिस्टीमवरच दिसतं. दुसरीकडे उघडलं की पानभर किडेमुंग्या.”

“मग बदलता येत नाही?”

“येतं. पण बदलताना जोडाक्षरं मोडतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. दर पानाला दहावीस तरी. सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल. चारपाच जणांना बसवावं लागेल.”

“बसतील की.”

“त्यांना काय कळणार?” निंबराजाचा आवाज चढला. “थोरल्या बुवांचा शब्द आहे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर जबाबदार कोण? आहे ते शुद्ध आहे. चालतंय तोवर चालू द्यावं. मुळाला हात लावू नये.”

माईंनी मेथीची काडी मोडली.

“बुवांचं अक्षर मोडेल, हे समजलं. तुझं काय मोडेल, निंबा?”

...

 निंबराजाचे कान तापले.

“रुमाल आण,” माई म्हणाल्या.

रुमाल म्हणजे मठाच्या मूळ पुरुषाची पोथी. लाल कापडात बांधलेली, शिसवी पेटीत ठेवलेली. दर दसऱ्याला ती बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, कीड लागू नये म्हणून आतलं वेखंड बदलायचं आणि पुन्हा बांधून ठेवायची. हे काम निंबराजाचं. त्यानं ते कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं.

दसरा नसताना रुमाल कशाला, असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं आणला.

“सोड.”

त्यानं गाठ सोडली. वेखंडाचा उग्र वास आला. पानं कोरी करकरीत, शाई काळीभोर.

“कसर लागली का कुठं?”

“नाही, माई.” त्याला बरं वाटलं. “एक छिद्र सापडायचं नाही. डोळ्यांत तेल घालून जपतो मी.”

“दिसतंय. वाच.”

“...काय?”

“वरचं पान. वाच.”

“माई, हे मोडी आहे.”

“बरं. मोडी वाच.”

“मला येत नाही.”

“मग कुणाला येतं?”

 जगात मोडी वाचणारे पुष्कळ असतील. पण या मठात कुणी नव्हतं, आणि रुमाल उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही असा नेम होता. तो नेम मोडायचा नाही, असं चार वर्षांपूर्वी ज्यानं भांडून ठरवलं, तो निंबराजच.

“हरिदासबुवांना यायचं,” माई म्हणाल्या. “तुझ्या आधी ते रुमाल बघायचे. मी तेव्हा तिशीत होते. म्हटलं, आपल्या नेहमीच्या बालबोधीत उतरवून द्या. मी लिहून घेते.”

“मग?”

“म्हणाले, उतरवताना चुका होतील. मुळाला हात लावू नये.”

...

“मग काय झालं, माई?”

“मग ते गेले.”

ओसरीवर मुश्ताक खाकरला. बिचाऱ्याला तासभर होऊन गेला होता. निंबराज रुमालापुढे बसला तो बसलाच. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून, तेही मेलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं फार वाईट.

तो बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

“शुद्ध नाहीये ते, माई.”

“काय?”

“सगळं शुद्ध नाहीये. एकशे चाळीसच्या पुढच्या कॅसेटी... आई आजारी होती त्या वर्षीच्या. दिवसा दवाखान्यात, आणि परत आलो की टायपिंग. काय ऐकत होतो, काय लिहीत होतो, मलाच ठाऊक नाही. ओळीच्या ओळी सुटल्या असतील. नंतर तपासू म्हटलं. पण तोवर कॅसेटी गेल्या. आता चौघं वाचायला बसले की सगळं उघडं पडणार. इतकी वर्षं लोक पाया पडतात, माई. काय तोंड दाखवू?”

माईंनी मेथीची परडी बाजूला सारली. हात पदराला पुसले. बैठकीच्या उशाखालून एक गठ्ठा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी वाचायची तीच पानं होती. एकशे एक्केचाळिसावी कॅसेट. समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. दोन शब्द इथं, अख्खी ओळ तिथं. पुढच्या पानावरही. त्याच्या पुढच्याही.

अक्षर माईंचं होतं.

“तुम्ही... कुठून भरलंत हे?”

“मी समोर बसून ऐकलंय ना रे बुवांना. गळलं की खटकायचं. वाचताना नीट वाचायची, आणि नंतर लिहून ठेवायची.”

“इतकी वर्षं? आणि मला बोलला नाहीत?”

“काय बोलू? आईचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तू मशीनपुढे बसलेला. पाठमोरा. खांदे हलत होते तुझे. तेव्हा बोलायचं होतं का मी?”

निंबराजानं तोंड फिरवलं. पण रडू काही लपत नसतं. माईंनी त्याला रडू दिलं.

डोळे पुसून तो पानं पुढं उलटू लागला. एकशे साठाव्या कॅसेटीपर्यंत पेन्सिल होती. तिथून पुढं समास कोरे.

“इथून पुढं चुका नाहीत?”

“असतील.”

“मग...”

“डोळे गेले, निंबा. पान दिसत नाही आताशा. तीन महिने झाले, संध्याकाळी पान धरते हातात आणि आठवतं ते बोलते. एखाद दिवशी आठवत नाही. तेव्हा खोकला आला म्हणून उठते.”

निंबराज रोज समोरच बसायचा. तो खोकला त्यानं ऐकला होता. काढासुद्धा करून दिला होता.

“कान आहेत अजून,” माई म्हणाल्या. “कुणी मोठ्यानं वाचलं तर कुठं गळलं ते सांगता येईल.”

...

“वर्षभर लागेल, माई. साडेतीन हजार पानं.”

“लागेल.”

“सगळ्यांपुढे माझ्या चुका निघतील.”

“निघतील.”

ओसरीवरून मुश्ताकनं हाक दिली, “महाराज, काय ठरलं? नाहीतर मी परत कधी येऊ?”

निंबराज उठला. दारापर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. वीस वर्षांची सवय. माईंनी सांगितल्याशिवाय त्यानं कधी भाजीसुद्धा आणली नव्हती.

“माई, तुम्हीच सांगा. काय सांगू त्याला?”

माई चाचपत रुमाल बांधत होत्या. बांधता बांधता त्यांनी आतला वेखंडाचा तुकडा काढला, निंबराजाला जवळ बोलावलं आणि तो त्याच्या तळहातावर ठेवला. मूठ आपल्या हातानं मिटली.

“नको म्हणालास तर हा त्या मशीनपाशी ठेव. फार छान टिकतं याच्यानं.”