चौथ्या कोपऱ्यातले प्यादे

एकदा एक व्यापारी एका शहराच्या बुद्धिबळ मंडळात आपला नवा माल घेऊन आला. माल म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम. तो आपल्या पगारी तज्ज्ञांनी घडवला आहे, हौशी लोकांनी घरबसल्या केलेल्या खेळण्यांशी त्याची तुलना करू नका, असे त्याने सभेला बजावले. सभेनेही मान डोलावली. पगार म्हटला की आपल्याकडे मान आपोआप डोलते.

मागच्या रांगेत बसलेल्या एका शिष्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. दिवसा नोकरी करून, सुट्ट्या मोडून त्याने असाच एक प्रोग्राम लिहिला होता आणि सर्वांसाठी खुला ठेवला होता. वापरा, बदला, पण लिहिणाऱ्याचे नाव पुसू नका, एवढीच त्याची अट होती. पडद्यावरचे डाव पाहता पाहता त्याला आपले लेकरू ओळखू आले. तो उठून तसे बोललाही. व्यापाऱ्याने हसून पुरावा मागितला आणि लोकांनी त्यालाच खाली बसवले. चोर तो चोर, वर शिरजोर, म्हणतात ते हेच.

शेजारी त्याचे वृद्ध गुरू बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, याचा शिष्याला व्यापाऱ्याहूनही अधिक राग आला. थोड्या वेळाने गुरू सावकाश उठले आणि त्यांनी यंत्राशी चार झटपट डाव खेळण्याची परवानगी मागितली.

"खेळा की, आजोबा," व्यापारी म्हणाला.

पहिल्या डावात गुरूंनी हत्ती सरकवून पटाच्या कडेचे प्यादे उघडे टाकले. यंत्राच्या उंटाने ते खाल्ले नाही. तेवढ्यावर गुरूंनी डाव सोडून दिला. दुसऱ्या डावात दुसऱ्या कडेचे प्यादे उघडे टाकले. उंट तिकडेही फिरकला नाही, गुरूंनी तोही डाव सोडला. रंग बदलून तिसरा डावही तसाच संपला. लोक हसू लागले. म्हाताऱ्याची बुद्धी चळली, असे कुणीतरी मोठ्याने म्हणाले. गुरूंचा हात धरून त्यांना तिथून घेऊन जावे, असे शिष्याला वाटले.

चौथ्या डावात चौथ्या कोपऱ्यातले प्यादे उघडे पडले आणि उंटाने त्यावर झडप घातली. गुरूंनी शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवले. उंटाची परतीची वाट बंद झाली. शिष्य ताडकन उभा राहिला. त्याला सारे उमगले होते. गुरू मात्र पुढची चाल न खेळताच उठले.

"शेठ," ते म्हणाले, "कडेचे प्यादे खाणारा उंट कोंडला जातो, हे यंत्राला शिकवावे लागते. माझ्या या शिष्याने चारही कोपऱ्यांसाठी तो नियम लिहिला आणि चौथ्या कोपऱ्यातले घर चुकीचे लिहिले. मी ते दाखवले, तेव्हा हा अन्नाला शिवला नाही. आधी चूक सुधारली, मग जेवला. ती चूक असलेली त्याची जुनी प्रत आजही सर्वांना खुली आहे, ताडून पाहा. तुमच्यापाशी दालनभर यंत्रे आहेत, माणसे आहेत. एकटा हौशी माणूस तितकी मजल मारू शकत नाही. हे अंतर खरे आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. पण एवढे बळ हाताशी असून तुम्ही फक्त नाव पुसलेत. चूक तशीच राहिली, कारण आत काय लिहिले आहे हे तुमच्यापैकी कुणी वाचलेच नाही. गुण दोघांचे जुळू शकतात, शेठ. अशी नेमकी चूक दोघांना वेगवेगळी सुचत नाही."

व्यापाऱ्याने शिष्याला बाजूला घेतले. नाव घालायला आपली हरकत नाही, पण मग ही चूकही तुमच्याच नावावर जगजाहीर होईल, असे त्याने हळूच धमकावून पाहिले.

"होऊ द्या," शिष्य शांतपणे म्हणाला. "ती माझीच आहे."

कामातली चूक ज्याला आपली म्हणवत नाही, त्याने त्या कामावर आपले नाव घालू नये.