एकविसावं अंजीर

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात साखरेची फळं करणाऱ्या सासू-सुना राहत होत्या. घरात तिसरं माणूस नव्हतं. गावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की रुखवताच्या टेबलावर मांडायची फळं यांच्याकडूनच जायची. अंजीर सुईने टोचायचं, पाकात शिजवायचं, मग सहा दिवस रोज वरून पाकाचा एक हात द्यायचा. सातव्या दिवशी ते असं चकाकायचं, की माणूस खायचं विसरून बघतच राही.

हे सगळं सासूने सुनेला शिकवलं होतं. एक रीतही घालून दिली होती. कढईतून निघालेलं पहिलं फळ मऊ, कोमट असतानाच घरच्या माणसाच्या तोंडात घालायचं. बाकीची मांडणीला.

पुढे सासू थकली, तिने अंथरूण धरलं. दात तर केव्हाच गेले होते. पंधरा दिवस नुसत्या पेजेवर होती, तीही दोन घोटांवर नको म्हणायची. त्यातच पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. पाटलीणबाईंनी बजावलं, "अंजिरं एकवीस हवीत हं. एकही कमी चालायचं नाही." हंगाम सरत आलेला. सुनेने गावातली झाडं न् झाडं धुंडाळली, तेव्हा कुठे एकवीस भरली.

कढई उतरली, घरभर वास सुटला. आतून सासूची हाक आली.

"सूनबाई, आज काहीतरी खावंसं वाटतंय गं. पहिलं फळ देतेस?"

सुनेचा हात कढईपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आत्याबाई, मोजून एकवीस आहेत. लग्न उरकू दे, मग ताटभर आणते तुम्हाला."

"बरं," म्हणून सासूने कूस बदलली. सुनेला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नुसतं वाटून काय होतंय? ती फळं सुकत घालायला लागली.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. लाडू, करंज्या, चिरोटे यांनी टेबल भरून गेलं. अंजिरांचा मनोरा रचताना वरची तीन काही केल्या बसेनात.

"राहू देत गं," पाटलीणबाई सहज म्हणाल्या. "अठरा काय नि एकवीस काय, कोण मोजतंय?"

सुनेने ती तिन्ही पदरात बांधली आणि धावतच घर गाठलं.

सासूने फळ तोंडात घातलं. सहा दिवसांची साखर दगडासारखी झाली होती. बिचारीने ते हिरड्यांनी दाबून पाहिलं, इकडून तिकडे फिरवलं, आणि शेवटी तळहातावर काढून ठेवलं.

"चकाकी छान आलीय," ती म्हणाली. "माझ्या हातालाही अशी कधी आली नाही."

सुनेने घाईघाईने पाणी तापवलं, फळ त्यात घातलं आणि ढवळत बसली. साखर विरघळली, अंजीर मऊ झालं. वाटी घेऊन ती आत गेली, तेव्हा सासूचा श्वास थांबला होता.

त्यानंतरही सून फळं करत राहिली. दर वेळी कढईतलं पहिलं फळ ती न चुकता बाजूला काढायची. ते खायला घरात कुणी नव्हतं.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: घरच्या माणसाला द्यायचं ते त्याला हवं असेल तेव्हाच द्यावं. लोकांना दाखवायचं मागाहूनही होतं.